खड्ड्यांचा वकील

संपादक महोदय,

इंग्लंडमधल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे इकडच्या नगरपालिकेसारख्या संस्थेच्या, विधी विभागात मी सॉलिसिटर आहे, कोर्टातले दावे सांभाळतो. गावाकडे नातेवाईक विचारतात, ‘म्हणजे तू खड्ड्यांच्या बाजूने भांडतोस?’ थोडंफार खरंच आहे ते!

1980च्या हायवेज ॲक्टच्या कलम 41नुसार रस्ता नीट ठेवणं कौन्सिलचं काम. खड्ड्यात पाय मुरगळला की दावा येतो. कलम 58 आम्हाला बचाव देतं, पण वाजवी काळजी घेतली होती हे सिद्ध आम्हीच करायचं. त्यामुळे वक्तृत्वाला फारसं काम नसतं. सगळी भिस्त पाहणी करणाऱ्याच्या नोंदीवर. तारीख, वेळ, खड्ड्यात पट्टी उभी धरून काढलेला फोटो. पट्टीवरचे आकडे धूसर दिसले की पोटात गोळा येतो.

नोंदच नसेल तर मी सरळ तडजोड सुचवतो. रस्ते विभागाला ते आवडत नाही. मग आठवडाभर कुणी चहालाही विचारत नाही. पण भरपाई जाते लोकांच्या कौन्सिल टॅक्समधून (इकडची घरपट्टीच म्हणा), आणि हरणारा दावा ताणला तर समोरच्या वकिलाचा खर्चही बहुधा त्यातूनच.

— एक वाचक, इंग्लंड