आधी दाखल-खारीज रजिस्टर उघड

नागपूर

प्रिय प्रकाश,

तुझ्या आदिवासी गावातल्या शाळेत पालकसभेला चारच जण आले म्हणून खट्टू झालास ना? सभा किती वाजता ठेवली होतीस, अकराला? अरे, मार्च-एप्रिलात मोहफूल पहाटे गळतं. घरदार अंधारातच रानात जातं, मग दिवसभर वाळवण. पुढे तेंदूपत्ता: सत्तर पानांचा एक पुडा, आणि बांधायला घरातले सगळे हात. सभा रात्री जेवणं झाल्यावर, टोल्यावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवरच घे. बाजाराचा दिवस मात्र टाळ.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बाया, असं २००९ चा कायदा सांगतो. बारा जणांत नऊ पालक, सहा बाया. कागदावर हे कुठेही जुळतं! रजिस्टर घरोघरी फिरवलं, अंगठे घेतले की झालं. सभा झालीच तर बाईच्या जागी नवरा येऊन बसतो. ठराव आधी वाचून समजावून दे, अंगठा मग. समजावायला गावातलीच शिकलेली मुलगी घे. सगळ्या गोंड घरांत गोंडी बोलतात असं धरून चालू नकोस. काही ठिकाणी ती आजीपाशीच उरली आहे. त्या आजीलाच पहिलीच्या वर्गात बसव. एर म्हणजे पाणी, नार म्हणजे गाव. ती म्हणेल तसं फळ्यावर लिही.

पण खरा जिव्हाळा दाखल-खारीज रजिस्टरातून, म्हणजे पोरं शाळेत आल्या-गेल्याच्या नोंदवहीतून जुळतो. बाप म्हणेल, 'आदिवासी लिहा, गुरुजी.' तेवढंच लिहिशील तर पोरगं पुढे जात पडताळणीत अडकेल, कारण अनुसूचित जमातींच्या यादीत 'आदिवासी' नावाची जमात नाही. गोंड, माना, जी असेल ती नेमकी लिही, बापाच्या दाखल्यावरून पडताळून. शाळा सोडल्यावर दुरुस्ती फार अवघड. एका नोंदीचं मोल काय, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको: २३ नोव्हेंबर १९९४ ला ११४ गोवारी इथे चेंगरून मेले, तेही याच यादीतल्या जमातींच्या सवलतींच्या मागणीपायी.

पडताळणीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. तुझी शाळा जुनी असेल तर आजोबाची नोंद तुझ्याच कपाटात असेल, नाहीतर कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल काढायला पोराच्या बापासोबत तहसिलात जा. असा एक उतारा हाती पडला की ते घर सभेला आपणहून येतं.

आणि ते कपाट ओल्या भिंतीला टेकलं असेल तर पावसाआधी हलव. पानांचे फोटोही काढून ठेव.

तुझा,
विनायक