टिटवीची चार अंडी आणि तुझ्याकडची वही

नागपूर,
२ जून

प्रिय दिल्या,

आज नवतपाचा शेवटचा दिवस. पहाटे सव्वापाचला घराबाहेर पडलो तेव्हाही अंगणाच्या भिंतीतून कालचा ताव येत होता. रात्री कूलरचं पाणी संपलं की ताट्या वाळून जो कोरडा वास सुटतो, त्यानंच जाग आली. ठाण्याच्या घामात बसून तुला आपला हा कोरडा उन्हाळा आठवतो का? मी पन्नास वर्षं याच गावात काढली, पण उन्हाळा नीट पाहिला तो यंदा. म्हणून हे पत्र. लांबेल, सवडीनं वाच.

मार्चपासून मी अंबाझरी तलावाच्या मागच्या अंगाला फिरायला जातो. आठवड्यातून चार दिवस, वाट तीच, दोन किलोमीटर, दीड तास. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला लावलं होतं. दुसऱ्या आठवड्यात खिशात एक छोटी डायरी आली आणि आता तर डायरी विसरून निघालो की अनवाणी निघाल्यासारखं वाटतं. तारीख, निघायची-परतायची वेळ, वारा, आभाळ, आणि मग जे दिसलं-ऐकलं ते, आकड्यासकट. सातभाई ९. वेडे राघू ६. गायबगळे १४, पैकी ५ केशरी झालेले. बांधावरचा सरडा, गळा लाल. बहावा, वरच्या फांद्या फुलल्या, खाली अजून शेंगा. असं.

एप्रिलमध्ये पाणी हटायला लागलं. जलपर्णीचा एक पट्टा काठावरच वाळत राहिला, त्याच्या अलीकडे भेगाळलेली माती उघडी पडली. ११ तारखेला त्या मातीत टिटवी माझ्या डोक्यावरून ओरडत गेली, वळली, पुन्हा ओरडत आली. तू लगेच ओळखलं असतंस, हा घरट्याचा ओरडा. मी जागच्या जागी थांबलो. पाय कुठं टाकावा कळेना, कारण तिचं घरटं म्हणजे मातीत जरासा खळगा, कडेनं खडे आणि शेळीच्या वाळक्या लेंड्या, बस. दुर्बीण लावून बऱ्याच वेळानं चार अंडी दिसली. मातकट, वर काळे-करडे डाग, चारही निमुळती टोकं आतल्या बाजूला, हातानं जुळवून ठेवल्यासारखी. त्याआधी माझी नजर त्यांच्यावरून दोनदा फिरली होती आणि दोन्ही वेळा मला खडेच दिसले होते.

तेव्हापासून वाट जरा वरून घेतली आणि एका बाभळीखाली उभं राहून लांबूनच बघायचं ठरवलं. एकदा मुद्दाम भर अकराला गेलो. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा (आईनं लावलेली सवय, ती गेल्यावरही सुटत नाही). आपण शाळेत शिकलो की पक्षी अंडी उबवतात. इथं ४४ अंशांत उलटंच काम होतं. टिटवी अंड्यांवर बसली नव्हती, उभी होती. पंख किंचित फाकलेले, पाठ उन्हाकडे, चोच उघडी, गळा थरथरतोय, आणि चारही अंडी तिच्या सावलीत. थोड्या वेळानं जोडीतली दुसरी पाण्याकडे चालत गेली, पोट बुडेपर्यंत आत उतरली, खालीवर होऊन पिसं भिजवली आणि ठिबकत परत आली. पहिली बाजूला झाली. दुसरीनं ओलं पोट अंड्यांवर टेकवलं. नर कोणता नि मादी कोणती हे पाहून सांगता येत नाही, दोघं सारखेच दिसतात आणि दोघंही आळीपाळीनं हेच करतात. मी वीस मिनिटं उभा होतो. तेवढ्यात माझ्या बाटलीतलं पाणी पिण्याजोगं राहिलं नव्हतं.

६ मे रोजी गेलो तर खळगा रिकामा.

दोन दिवस आधी तिथं दोन मोकाट कुत्री बसलेली पाहिली होती. डायरी काढली आणि लिहिलं, 'टिटवीचं घरटं नष्ट. कुत्रे.' घरी आल्यावर चहा घशाखाली उतरेना. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी गेलोच नाही. ८ तारखेला गेलो, ते पाय निघाले म्हणून. पाण्याच्या कडेला टिटव्यांची जोडी पुन्हा तशीच ओरडत अंगावर आली. आता काय उरलंय तुमचं, असं मनात म्हणतोय तोच समोरच्या खड्यांतला एक खडा पळाला. चार पावलं पळून पुन्हा खडा झाला. मग दुसरा दिसला. पाच-दहा मिनिटांनी तिसरा. सुपारीएवढं डोकं, मानेला पांढरी पट्टी, अंगावर मातीचे ठिपके, आणि आईबापानं इशारा दिला की जमिनीला चिकटून डोळेसुद्धा हलवायचे नाहीत. चौथं काही मला दिसलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

दिल्या, टिटवीची पिल्लं बाहेर आल्यावर काही तासांतच आपल्या पायांनी चालायला लागतात, घरट्यात राहत नाहीत, हे मला ठाऊक होतं. अंडी दिसल्याची तारीखही माझ्याच डायरीत होती आणि साधारण चार आठवड्यांत पिल्लं निघतात हेही माहीत होतं. दिवस मोजले असते तरी कळलं असतं. तरी मी 'नष्ट' लिहिलं, आणि वर कुत्र्यांचं नावही घातलं. ती ओळ मी खोडलेली नाही. तिच्याखाली लिहिलं, 'खळगा रिकामा दिसला. एवढंच पाहिलं.' त्यानंतर डायरीतली माझी भाषाच बदलली. दिसलं ते एका बाजूला, वाटलं ते दुसऱ्या बाजूला.

२०२४ च्या मे अखेरीस आपल्या नागपुरात ५६ अंश तापमानाची बातमी देशभर गाजली होती, तू घाबरून फोन केला होतास, आठवतं? नंतर हवामान खात्यानं सांगितलं की त्या स्वयंचलित केंद्राचा सेन्सर चुकीचं दाखवत होता. शहरातल्या इतर केंद्रांवर पारा पुष्कळ खाली होता, म्हणून ते लक्षात आलं. माझ्या टिटवीच्या बाबतीत दुसरं केंद्र म्हणजे ८ तारखेची फेरी. ती चुकवली असती तर 'नष्ट' हेच कायम राहिलं असतं.

आता मी याद्या ईबर्डवरही टाकतो. पोराच्या जुन्या मोबाइलवर ॲप घेतलं. अमेरिकेतल्या कॉर्नेलच्या पक्षी प्रयोगशाळेनं २००२ मध्ये ते सुरू केलं आणि आपल्याकडचे हजारो लोक त्यावर नोंदी करतात. यादी पाठवताना ते एक प्रश्न विचारतं: ओळखता आले ते सगळे पक्षी लिहिलेत का? 'हो' म्हटलं तर ती पूर्ण यादी धरली जाते. त्या एका 'हो'ला फार किंमत आहे रे. पूर्ण यादीत टिटवी नसेल तर दीड तासात ती आढळली नाही, हीही नोंद झाली. नुसते आवडते पक्षी लिहिले तर उरलेल्यांचं काय झालं हे कुणालाच कधी कळणार नाही. म्हणून मी कावळा, कबूतर, साळुंकी, सगळं मोजतो. परवा एक ओळखीचे गृहस्थ थांबून म्हणाले, कावळे काय मोजता? मी त्यांना दहा मिनिटं समजावलं. त्यांना घाई होती, पण ऐकून घेतलं.

अशाच याद्यांवरून २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. तीस हजारांवर लोकांच्या तीन कोटी नोंदी, ९४२ जाती. त्यात आपला नीलपंख आहे. सगळीकडे दिसणारा हा पक्षी इतका घटत चाललाय की त्याचा धोक्याचा दर्जा जागतिक पातळीवर पुन्हा तपासा, अशी शिफारस त्यांनी केली आहे. वाचलं आणि दुर्बीण बाजूला ठेवून बसून राहिलो. १९९१ ची सुट्टी आठव. आपण सायकली काढून अमरावती रोडनं वाडीच्या पुढं जायचो आणि तारांवर बसलेले नीलपंख बघत जायचो. वरून कोलांट्या खात, कर्कश ओरडत खाली येणारा नर, उघडलेल्या पंखांतला तो निळा रंग. दसऱ्याला तुझे बाबा तो दिसावा म्हणून सकाळी आपल्याला बाहेर पिटाळायचे. यंदा मार्चपासून आजपर्यंत माझ्या डायरीत नीलपंख दोन. दोन वेळा एकेक. दोन किलोमीटरच्या माझ्या वाटेवरून देशाचं काही ठरवायचं नाही, तेवढं मी टिटवीकडून शिकलो. पण काळजात कळ आली ती आलीच.

बाकी बातमी चांगली आहे. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या झाडांवर राखी धनेशाची जोडी होती. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन आत, आणि नर फटीतून एकेक फळ चोचीनं पुढं करतोय. तिथं मी फार वेळ थांबत नाही, लोक जमतात. पावशा आठवडाभर ओरडतोय. आणि २९ तारखेला पहाटे करंजाच्या दाटीतून दोन सुरांची स्वच्छ शीळ आली. नवरंग! दक्षिणेतून, श्रीलंकेतून हिवाळा काढून तो पावसाच्या तोंडावर वीण करायला इकडे येतो, तो आला. दिसला नाही. डायरीत लिहिलं, 'नवरंग १, ऐकला, ५.४०.' पूर्वी मी बेधडक 'दिसला' लिहिलं असतं.

आता मुख्य काम. आपली ती निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही तुझ्याकडेच आहे ना? तू पुण्याला शिकायला गेलास तेव्हा पेटीत टाकून नेलेली. मला त्यातली दोन पानं हवीत. एक, १९९१ मध्ये नवरंग पहिल्यांदा ऐकला तो दिवस. मला मेचा शेवट वाटतो, पण आठवणीवर भिस्त ठेवायची नाही. दुसरं, नीलपंख. मला भीती आहे की आपण 'नेहमीचे' एवढंच लिहून सोडलं असेल, कारण तेव्हा ते मोजावेसे वाटलेच नव्हते. तरी तू पान न् पान बघ. वाडीच्या रस्त्यावरचा एखाद्या दिवसाचा आकडा, एकच का होईना, कुठं समासात, कुठं मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला सापडला तर तसाच उतरवून पाठव. अंदाजानं भरू नकोस. नसेल तर नाही म्हणून कळव, मी तसं लिहून ठेवीन.

वहिनींना नमस्कार. मृग लागायच्या आत वही शोध.

तुझाच,
मोहन