एअरबॅग आहे, पण उघडेल का?

संपादक महोदय,

नाशिकमध्ये अनेकदा नवी गाडी शोरूममधून निघते ती थेट ॲक्सेसरीजच्या दुकानात. तिथे पुढे लोखंडी गार्ड बसतो आणि एअरबॅगचा हिशेबच बिघडतो. धडकेत वेग किती झपाट्याने घटला, हे सेन्सर मोजतात. त्यावरून कंट्रोल युनिट निर्णय घेते आणि बॅग साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांत फुगते. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलेला गार्ड धक्का भलत्याच मार्गाने पोचवतो, मग बॅग उशिरा उघडू शकते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितले. मुंबई-आग्रा महामार्गावर ते आजही सर्रास दिसतात.

सीटखालचा एअरबॅगच्या वायरिंगचा पिवळा कनेक्टर साफसफाईत ओढला गेला, की डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा पेटून राहतो. इग्निशन दिल्यावर तो काही सेकंदांत विझायलाच हवा. न विझल्यास गॅरेजमध्ये स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचून घ्या. दिवाच काढून देणाऱ्या मेकॅनिककडे फिरकू नका.

बेल्टच्या बकलमध्ये नुसती क्लिप अडकवणे तर सर्वांत घातक. अलार्म गप्प होतो, पण ब्रेक लागताच माणूस पुढे फेकला जातो आणि धडकेत फुगत्या बॅगेवर आदळतो. बेल्ट लावूनही छाती स्टिअरिंगपासून किमान २५ सेंटिमीटर लांब हवी.

परिवहन विभागाने या क्लिप आणि गार्ड विकणाऱ्या दुकानांचीच तपासणी करावी.

– वाहन दुरुस्ती क्षेत्रातील एक वाचक, नाशिक