‘एनडी’ म्हणजे काय, हे अहवाल घेण्याआधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

द्राक्षहंगाम तोंडावर आला की तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ पट्ट्यात एक कागद हातोहात फिरू लागतो, तो म्हणजे प्रयोगशाळेचा अवशेष तपासणी अहवाल, फवारलेल्या औषधांचा अंश मालात उरला आहे का ते सांगणारा. निर्यातदार तो मागतो, दलाल मागतो, बेदाणा घेणारा व्यापारीही मोबाइलवर त्याचा फोटो मागवतो. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘एनडी’, म्हणजे ‘नॉट डिटेक्टेड’, दिसले की माल ‘रेसिड्यू फ्री’, म्हणजे अवशेषमुक्त, ठरतो. याच तपासणीचे काम करणारे आम्ही विश्लेषक आहोत. आमचे म्हणणे एवढेच, की त्या दोन अक्षरांचा अर्थ बाजार लावतो तेवढा मोठा नाही. जे यंत्राला विचारलेच नाही, त्याचे उत्तर यंत्र देत नाही.

आधी काम कसे चालते ते सांगतो. देठ काढलेल्या द्राक्षांचा लगदा करून त्यातला 10 ग्रॅम घेतात. त्यात 10 मिलिलिटर इथाइल अॅसिटेट आणि पाणी शोषून घेणारे 10 ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट घालून जोरात घुसळतात. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की वरचा थर सुटा होतो. ‘पीएसए’ नावाच्या भुकटीने त्यातली साखर आणि आम्ले काढतात, द्रावक उडवतात, उरलेले मिथेनॉल-पाण्यात घेऊन बारीक गाळणीतून गाळतात आणि त्याचे काही मायक्रोलिटर यंत्रात सोडतात. लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या बोटभर लांबीच्या नळीत (तिला आम्ही कॉलम म्हणतो) वेगवेगळी औषधे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. पुढे मास स्पेक्ट्रोमीटर त्यांचे वस्तुमान पाहतो. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचा आयन (विद्युतभारित रेणू) 192 वर येतो. तो फोडला की 160 आणि 132 असे दोन तुकडे मिळतात. हे दोन्ही तुकडे, त्यांचे एकमेकांशी ठरलेले प्रमाण आणि कॉलममधून बाहेर पडण्याची वेळ, एवढे सगळे जुळले तरच ‘सापडले’ असे लिहायचे. प्रमाणात 30 टक्के आणि वेळेत 0.1 मिनिट एवढीच सूट असते.

आता यातली मेख. 192, 160, 132 हे आकडे आणि ती वेळ आम्ही यंत्राला आधी भरवून ठेवलेली असते. यादीत अडीचशे औषधे असतील, तर यंत्र त्या अडीचशेच खिडक्यांतून पाहते. दोनशे एक्कावन्नावे औषध समोरून गेले तरी त्याची नोंद होत नाही.

याचा फटका राज्यातल्या द्राक्षाने एकदा खाल्ला आहे. 2010 च्या हंगामात युरोपात गेलेल्या मालात क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढ रोखणारे औषध, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे ‘सीसीसी’ किंवा ‘लिहोसिन’ म्हणतात ते, सापडले. तेव्हाच्या तपासणी यादीत ते नावच नव्हते. नुसते नाव यादीत घालूनही भागत नाही, कारण वर सांगितलेल्या पद्धतीत हे औषध येतच नाही. त्याच्यावर कायमचा धनभार असतो. ते पाण्यात राहते, इथाइल अॅसिटेटमध्ये उतरत नाही, आणि नेहमीच्या सी-18 कॉलमवर न थांबता सुरुवातीलाच वाहून जाते. त्यासाठी आम्लयुक्त मिथेनॉलने वेगळे निष्कर्षण करावे लागते, ‘हिलिक’ जातीचा वेगळा कॉलम लागतो, आणि ड्यूटेरियम घातलेले क्लोरमेक्वाट अंतर्गत मानक म्हणून (मोजणी ताडून पाहण्यासाठी) सुरुवातीलाच मिसळावे लागते. इथेफॉनचेही तसेच. फळछाटणीआधी पानगळीसाठी ते मारले जाते, पण ‘मल्टिरेसिड्यू’, म्हणजे अनेक औषधे एकदम पाहणाऱ्या वरच्या तपासणीत ते दिसत नाही. सीसीसीबाबत बागायतदारांचा युक्तिवाद असतो, की ते खरड छाटणीनंतर वापरले, आता मणी काढणीला आले, मग राहील कसे? राहते. ते वेलीच्या लाकडात साठते आणि महिन्यांनंतर फळात उतरते.

दुसरे नाव मॅन्कोझेब. केवडा या बुरशीजन्य रोगासाठी एम-45 (मॅन्कोझेबचे बाजारातले नाव) न मारलेली बाग या जिल्ह्यात शोधावीच लागेल. पण हे औषध अखंड रेणूच्या रूपात कुठल्याही नेहमीच्या द्रावकात विरघळत नाही. म्हणून ते मोडून मोजतात. साधारण 25 ग्रॅम मणी घट्ट झाकणाच्या बाटलीत घेऊन त्यावर हायड्रोक्लोरिक आम्लातले स्टॅनस क्लोराइड आणि थोडे आयसोऑक्टेन ओततात. बाटली 80 अंशांच्या पाण्यात तासभर हलवत ठेवतात. मॅन्कोझेब फुटून कार्बन डायसल्फाइड वायू निघतो, तो आयसोऑक्टेनमध्ये अडकतो, आणि गॅस क्रोमॅटोग्राफ-मास स्पेक्ट्रोमीटरवर 76 या वस्तुमानाला मोजला जातो. यात चूक होण्याच्या जागा पुष्कळ. पहिली म्हणजे मणी मिक्सरमध्ये घालणे. द्राक्षाचा आंबट रस लागला की मॅन्कोझेब तिथेच फुटायला लागते आणि वायू उडून जातो. म्हणून या तपासणीचे मणी लगदा करण्याआधीच अखंड बाजूला काढावे लागतात. लगद्यातून केलेल्या तपासणीचा ‘एनडी’ आमच्या मते रद्दीत घालावा. दुसरी चूक उलट्या दिशेची. रबराला पक्के करताना याच कुळातली रसायने वापरतात. रबरी बूच किंवा रबरी हातमोजे मध्ये आले, तर न मारलेले औषधही ‘सापडते’. तिसरी गोष्ट चूक नव्हे, पद्धतीची मर्यादा आहे. मॅन्कोझेब, मेटिराम, प्रोपिनेब, थायरम सगळ्यांतून तोच वायू निघतो. कोणते मारले होते हे हा आकडा सांगत नाही.

‘दोन लॅबना माल दिला, दोन आकडे आले, म्हणजे एक लॅब खोटी’ ही तक्रार दर हंगामात कानावर येते. समजा एकीने 0.008 आणि दुसरीने 0.013 मिलिग्रॅम प्रतिकिलो दिले. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा नाही त्याला 0.01 लागते, म्हणजे एक अहवाल पास, एक नापास. हे प्रमाण किती बारीक आहे ते बघा: 10 टनांच्या ट्रकभर मालात एकूण एक दशांश ग्रॅम औषध. या पातळीवर युरोपीय प्रयोगशाळांच्या मार्गदर्शक सूचनाच मोजणीची अनिश्चितता अधिक-उणे 50 टक्के धरायला सांगतात. 0.008 म्हणजे 0.004 ते 0.012, आणि 0.013 म्हणजे साधारण 0.0065 ते 0.02. दोन्ही पट्टे एकमेकांत शिरलेले आहेत, कोणी खोटे नाही. शहाण्या निर्यातदाराने 0.008 लाही धोक्याचा आकडा मानावे.

अर्थात प्रयोगशाळांचीही चूक असते, आणि ती बहुधा ‘मॅट्रिक्स’ची. कॉलममधून औषधासोबत द्राक्षाची साखर, रंगद्रव्ये, आम्लेही बाहेर पडतात आणि आयन होण्यासाठी गर्दी करतात. त्या गर्दीत औषध दबते आणि आकडा कमी येतो. यावर उपाय म्हणजे मानक द्रावणे (ज्यांच्याशी नमुना ताडून पाहतात ती) शुद्ध द्रावकात न बनवता औषध न मारलेल्या द्राक्षाच्या अर्कात बनवणे. रिकाम्या अर्कात माहीत असलेले प्रमाण घालून ते 70 ते 120 टक्के परत मिळते का, हेही प्रत्येक खेपेला पाहावे लागते. हा परतावा अहवालात छापत नाहीत, पण मागितला तर द्यायला हवा.

तरीही निम्मे घोळ यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच झालेले असतात. बांधाकडच्या ओळीतले चार देखणे घड तोडून पिशवीत घातले, तर तो बागेचा नमुना होत नाही. फवारणीचा पंप ओळीच्या टोकाला वळतो तिथे थर जाड बसतो आणि मांडवाच्या आत पातळ. कडेच्या ओळी सोडून, बागेत तिरके चालत, उन्हाच्या आणि सावलीच्या दोन्ही बाजूंनी घड घ्यावेत. प्रयोगशाळेत किमान 2 किलो माल आणि किमान 5 घड यायला हवेत. घड धुऊ नयेत, पुसू नयेत. ज्या हातांनी, ज्या बादलीत त्या दिवशी औषध कालवले ते नमुन्याजवळ येऊ नयेत. आणि नमुना शेवटच्या फवारणीनंतरचा ठरलेला काढणीपूर्व कालावधी संपल्यावरच घ्यावा. नमुना दिल्यावर पुन्हा फवारणी केली, तर तो अहवाल त्या बागेचा राहत नाही. हे सांगावे लागते याचेच वाईट वाटते.

बेदाण्याचा हिशोब वेगळाच. साधारण 4 किलो द्राक्षांचा 1 किलो बेदाणा होतो. पाणी जाते, औषध जाईलच असे नाही. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवताना काही धुऊन जाते, शेडवरच्या पंधरा दिवसांत काही विघटन पावते, उरलेले एकवटते. ताज्या द्राक्षात 0.02 असलेले औषध बेदाण्यात 0.08 पर्यंत चढू शकते. म्हणून द्राक्षाचा अहवाल दाखवून बेदाणा विकणे चूक आहे. बेदाण्याची तपासणीही द्राक्षासारखी करून चालत नाही. तो तसाच मिक्सरला लावला तर पाते तापते, गोळा होतो आणि कोरड्या गोळ्यात द्रावक शिरतच नाही. 500 ग्रॅम गोठवलेल्या बेदाण्यात 850 ग्रॅम थंडगार पाणी घालून एकजीव लगदा करायचा आणि त्यातला 13.5 ग्रॅम घ्यायचा. त्यात बरोबर 5 ग्रॅम बेदाणा येतो. हिरव्या बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असते. तिचा सल्फर डायऑक्साइड या यादीत नसतो, त्याची तपासणी स्वतंत्र असते.

हळदीबद्दल थोडेच लिहितो, कारण तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे. सांगलीच्या पेठेत कुरकुमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाच्या, टक्क्यावर भाव बोलला जातो, पण तो टक्का बहुतेक वेळा 425 नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणावरून काढलेला असतो. त्यात कुरकुमिन आणि त्याची दोन भावंडे एकत्र मोजली जातात, आणि मिसळलेला पिवळा रंगही त्यात भर घालू शकतो. एचपीएलसीवर, म्हणजे लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर, तिन्ही वेगळे दिसतात. भेसळीचा मेटॅनिल यलो हा रंग मास स्पेक्ट्रोमीटरवर पकडता येतो. लेड क्रोमेट हा शिसेयुक्त पिवळा रंग मात्र तिथे अजिबात दिसत नाही, त्यातल्या शिशासाठी आयसीपी-एमएस हे दुसरेच यंत्र लागते. हळदीच्या गडद अर्कातला रंग काढायला काही जण कार्बनची भुकटी वापरतात. रंग जातो, पण त्यासोबत कार्बेन्डाझिमसारखी सपाट रेणूची औषधेही भुकटीला चिकटून जातात, आणि पुन्हा ‘एनडी’ छापले जाते.

बाजार समित्या, बागायतदार संघ आणि आमच्याच व्यवसायातल्या प्रयोगशाळांनी काही गोष्टी सक्तीच्या कराव्यात. ‘एनडी’ ऐवजी ‘0.01 पेक्षा कमी’ असा मोजणीच्या मर्यादेचा आकडा लिहावा. तपासलेल्या औषधांची पूर्ण यादी अहवालाला जोडावी, आणि त्यातली कोणती एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या कक्षेत आहेत ते खूण करून दाखवावे. कारण मान्यता प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही, ती चाचणीनुसार मिळते. सीसीसी, इथेफॉन आणि डायथायोकार्बामेट (मॅन्कोझेबचे कूळ) या तपासण्या केल्या की नाही, हे पहिल्याच पानावर मराठीत, ठळक छापावे. नमुना शेतकऱ्याने आणून दिला की प्रयोगशाळेच्या माणसाने बागेतून घेतला, हेही तिथेच यावे. त्या तीन तपासण्यांचे पैसे वेगळे पडतात हे खरे. म्हणूनच नमुना देताना बागायतदाराने खिडकीवरच विचारावे: मॅन्कोझेबचे मणी अखंड ठेवणार का, आणि सीसीसी कोणत्या कॉलमवर लावणार?

आपले,
अवशेष तपासणीच्या कामातील काही रसायन विश्लेषक,
सांगली