नेलपॉलिश मोटारीला शोभते, पण फवाऱ्याने

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्टी लागली की छंदांच्या पानांवर एक सल्ला हमखास येतो : घरातली उरलेली नेलपॉलिश घ्या आणि प्लास्टिकच्या छोट्या मोटारींना धातूची झळाळी द्या. बाटलीच्या झाकणाला ब्रश असतोच, म्हणून मुले तोच बुडवून थेट रंगवायला बसतात. मग बॉनेटचे प्लास्टिक मऊ पडते, दारांच्या फटी बुजतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात रंगावर पांढुरका थर येतो. दोष नेलपॉलिशच्या माथी मारला जातो. वास्तविक प्रतिकृती मोटारींच्या धातुई रंगासाठी इतके चांगले आणि गावातल्या कटलरीच्या दुकानातही मिळणारे दुसरे साहित्य नाही. म्हणून तो सल्ला पुरा करून सांगणे, म्हणजे नेलपॉलिश पातळ करून एअरब्रशने (कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या पेनाएवढ्या फवाऱ्याने) कशी मारायची ते सांगणे, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो कसा पाळायचा तेही सांगणे, आम्हाला गरजेचे वाटते.

नेलपॉलिश हे नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे द्रावक उडाला की वाळणारा रंग, आहे. अमेरिकेत १९२३-२४च्या सुमारास जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारींना ड्यूपाँटचा 'ड्यूको' लागला, तो याच कुळातला रंग. नायट्रोसेल्युलोज इथाइल अॅसिटेट आणि ब्युटाइल अॅसिटेटमध्ये विरघळवलेले असते. त्यात चकाकीसाठी राळ, लवचीकपणासाठी प्लास्टिसायझर, चमकीचे कण लगेच तळाशी बसू नयेत म्हणून एक प्रकारची चिकणमाती, आणि टायटॅनियम डायऑक्साइडचा मुलामा दिलेले अभ्रकाचे कण किंवा अॅल्युमिनियमची पूड असते.

आपल्या कामाचे आहेत ते हे कण. १:२४ मापाच्या मोटारीवर १०० मायक्रॉनचा (०.१ मिलिमीटरचा) कण बसला, तर खऱ्या मोटारीच्या मापात तो २.४ मिलिमीटरचा होतो. इतकी जाड चमकी खऱ्या मोटारीवर सहसा नसते, म्हणून प्रतिकृती खेळण्यासारखी दिसते. २५ मायक्रॉनचा कण त्याच मापात ०.६ मिलिमीटर पडतो आणि डोळा तो मान्य करतो. १:६४ला मात्र हाच कण १.६ मिलिमीटरचा होतो, तेव्हा मोटार जितकी लहान तितकी चमकी बारीक हवी. बाटली निवडताना ती उन्हात धरून पाहावी. नुसत्या डोळ्यांनी कण वेगवेगळे मोजता आले तर ती ग्लिटर, दुकानातच ठेवावी. रेशमासारखी एकसंध झाक दिसली तर घ्यावी, आणि एकदम दोन बाटल्या घ्याव्यात, कारण छटा बाजारातून जातात. जेल पॉलिश घेऊ नये, ती दिव्याखाली धरल्याशिवाय वाळतच नाही. सोलून काढायची पाण्यातली पॉलिशही या कामाची नाही. एसटीच्या लाल गाडीची प्रतिकृती करणाऱ्यांनी नेलपॉलिशच्या वाटेला जाऊ नये, तिथे साधा सपाट लालच खरा.

आता ब्रश का नको ते. किटमधले भाग बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात आणि अॅसिटेट व अॅसिटोन हे द्रावक पॉलिस्टायरीन विरघळवतात. जाड ओला हात मारला की द्रावक पृष्ठभागावर मिनिटभर राहतो आणि प्लास्टिकला चावतो. शिवाय खऱ्या मोटारीतली दाराची ४ मिलिमीटरची फट १:२४ला ०.१७ मिलिमीटर उरते, ती ब्रशच्या दोन हातांत भरून जाते. फटी प्रायमरच्या (रंगाखालच्या अस्तराच्या) आधीच स्क्राइबरने (रेघ कोरायच्या हत्याराने) किंवा सुईच्या टोकाने थोड्या खोल करून घ्याव्यात, म्हणजे सगळे थर चढल्यावरही त्या दिसतात.

प्रायमर करड्या रंगाचा, लॅकर जातीचा, दोन-तीन हलक्या हातांत. किमान २४ तास वाळू द्यावा, पावसाळ्यात ४८. मग १०००-१५०० नंबरच्या वॉटर पेपरने ओला घासावा. त्यावर पोटरंग, म्हणजे नेलपॉलिशखालचा रंग, द्यायचा आणि तोही लॅकरच हवा. घरातल्या दारा-खिडक्यांचा ऑइल पेंट पोटाला लावला तर वरून आलेले थिनर त्याला उचलते आणि सगळ्या बॉडीवर सुरकुत्या पडतात. नेलपॉलिश बरीच पारदर्शक असते, त्यामुळे अंतिम छटा पोटरंगच ठरवतो. गडद निळा, हिरवा, वाइन या रंगांखाली चकचकीत काळा, सोनेरी आणि तांबूस रंगांखाली चांदी किंवा करडा, मोतिया झाकेखाली पांढरा. एकाच बाटलीतून काळ्यावर आणि पांढऱ्यावर दोन वेगळ्या मोटारी निघतात. छटा पाहायला एका स्टीलच्या चमच्यावर अर्धा काळा, अर्धा पांढरा पोटरंग मारून त्यावर नेलपॉलिश फवारावी, चमच्याच्या वळणावर मडगार्डसारखाच उजेड पडतो. प्लास्टिकचा चमचा १ जुलै २०२२पासून बंद आहे आणि इथे त्याची गरजही नाही. प्लास्टिकला थिनर चावते का हे पाहण्यासाठी किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात ती चौकट वापरावी.

मोटार डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूची) असेल, तर बॉडी जस्त-अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते आणि तिला द्रावकाचे भय नाही. भय आहे खाऱ्या वाऱ्याचे. जुना रंग काढून उघडी केलेली बॉडी किनाऱ्यालगतच्या घरात तशीच ठेवली तर तिच्यावर पांढरट गंज धरतो आणि प्रायमर त्यावरून सुटतो. काचा आणि प्लास्टिक काढून घेतल्यावरच रंग काढायचा रिमूव्हर लावावा. नंतर भांड्यांच्या साबणाने धुऊन, शेवटचे पाणी डिस्टिल्ड घालून, वाळवून, त्याच दिवशी प्रायमर मारावा. खोबरेल तेलाचा हात बॉडीला लागू देऊ नये, तेलाच्या ठिपक्यावरून रंग मागे सरतो आणि गोल खळगे पडतात.

पातळ करण्यासाठी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर, म्हणजे गॅरेजच्या आणि फर्निचरच्या रंगकामाचे, चांगल्या प्रतीचे. १ भाग नेलपॉलिशला २ भाग थिनर हे सुरुवातीचे प्रमाण, घट्ट झालेल्या बाटलीला ३ भाग. सिरिंजने मोजावे. ५ मिलिलिटर पॉलिश आणि १० मिलिलिटर थिनर यात १:२४ची एक बॉडी आरामात होते. मिश्रण दुधाइतके पातळ झाले पाहिजे. ते जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्यावे. नखे पुसण्याचे रिमूव्हर थिनर म्हणून वापरू नये. त्यात नखे कोरडी पडू नयेत म्हणून तेल किंवा ग्लिसरीन घातलेले असते आणि त्याने तेच गोल खळगे पडतात. नुसते अॅसिटोनही नको. ते इतक्या झपाट्याने उडते की रंग बॉडीवर पोहोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. अॅसिटोन एअरब्रश धुवायला ठेवावे.

एअरब्रशचे नोझल ०.३ मिलिमीटर चालते, कण थोडे मोठे असतील तर ०.५. ०.२चे नोझल तुंबते. आतली सील टेफ्लॉनची हवीत, साधी रबरी रिंग या द्रावकात फुगते. हवेचा दाब २०-२५ पीएसआय, अंतर १०-१२ सेंटिमीटर. कपात मिश्रण ठेवून गप्पा मारू नयेत, कण तळाशी बसतात. मधूनमधून ढवळत राहावे. पहिला हात नुसता शिडकावा, पोटरंग दिसत राहील इतकाच. दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा किंचित ओलसर. चार-पाच हातांत रंग भरतो. फार ओला हात पडला तर कण तरंगून एकत्र येतात आणि छपरावर ढगाळ डाग दिसतात. त्यावर उपाय म्हणजे शेवटी थोड्या जास्त अंतरावरून एक हलका, जवळजवळ कोरडा हात, त्याने कण सगळीकडे सारखे बसतात. बॉनेट, दारे आणि डिकी सुटी असली तरी टेपने जागेवर बसवून एकाच वेळी, एकाच दिशेने फवारावीत. वेगवेगळी धरून रंगवलेली दारे जोडल्यावर दुसऱ्याच मोटारीची वाटतात, कारण कण ज्या कोनात बसले त्याप्रमाणे रंग फिका-गडद दिसतो. आणि धातुई थर कधीही घासू नये. घासलेला कण कापला जातो आणि तिथे कायमचा डाग राहतो.

कोकणात सगळ्यात जास्त मोटारी बिघडतात त्या दमटपणाने. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू (हवेतले पाणी सुटू लागते ते तापमान) सुमारे २५ अंश असतो. म्हणजे रंगाचा थर तीन अंशांनी गार झाला की हवेतले पाणी त्यावर बसते, नायट्रोसेल्युलोज फुटते आणि रंग पांढुरका, निस्तेज होतो. तेच तापमान आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर दवबिंदू साडेएकोणीसच्या आसपास उतरतो आणि साडेआठ अंशांची मोकळीक मिळते. म्हणून आर्द्रतामापक हे या छंदात एअरब्रशइतकेच आवश्यक साधन मानावे. ६५ टक्क्यांच्या वर काटा असेल तर फवारू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी अकरा ते दुपारी तीन, ही आपल्याकडची चांगली वेळ. पहाटे दव, संध्याकाळी खारे वारे, दोन्ही टाळावे.

ज्यांना थांबता येत नाही त्यांनी थिनरच्या ५ ते १० टक्के रिटार्डर मिसळावे. गाड्यांच्या रंगांच्या दुकानात ते मिळते, बहुधा ब्युटाइल सेलोसोल्व्ह असते. ते सावकाश उडते, पृष्ठभाग एकदम गार होत नाही आणि बसलेल्या पाण्याला निघून जायला वेळ मिळतो. याहून जास्त घातले तर रंग दिवसेंदिवस मऊ राहतो आणि खालच्या थरांना चावतो. त्यामुळे हात पातळ ठेवावेत आणि दोन हातांमध्ये दहाऐवजी वीस मिनिटे जाऊ द्यावीत. पांढरा थर आलाच तर पुसू नये, घासू नये. कोरड्या दिवशी थिनर आणि रिटार्डरचा अगदी हलका शिडकावा दिला की बहुतेक वेळा तो विरघळून जातो. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप असलाच पाहिजे आणि टाकीतले पाणी कामाआधी सोडून द्यावे. पाण्याचा एक थेंब नोझलमधून आला की छपराचे काम पुन्हा करावे लागते.

गणपतीच्या अनेक शाळांत (मूर्ती घडवण्याच्या कारखान्यांत) कॉम्प्रेसर असतो आणि चतुर्थीनंतर तो बरेच महिने मोकळा राहतो. हवा कोरडी होत जाते तेही तेव्हाच. मूर्तीची स्प्रे गन या कामाला मोठी पडते, पण रेग्युलेटर लावून त्याच कॉम्प्रेसरवर एअरब्रश छान चालतो. होतकरू तरुणांना मूर्तिकारांनी तो वापरू द्यावा, फवाऱ्याचा हात त्यांच्याइतका कुणाला माहीत नाही.

जांभ्याच्या तांबड्या धुळीसाठी फरशी आदल्या रात्री पुसून घ्यावी. फवारण्याआधी पाणी शिंपडले तर धूळ बसते खरी, पण खोलीतला दमटपणा वाढतो.

रंग दोन दिवस वाळल्यावर लॅकर क्लिअरचे (वरच्या पारदर्शक थराचे) तीन-चार हात, पहिले दोन अगदी हलके. धूळ बसली असेल तर ती क्लिअरमध्ये, २००० नंबरच्या वॉटर पेपरने काढावी. नायट्रोसेल्युलोज बरेच आठवडे आकसत राहते, तेव्हा घाईने पॉलिश करू नये. उन्हात ते पिवळे पडते, म्हणून चांदी आणि मोतिया रंगांच्या मोटारी खिडकीत ठेवू नयेत. दोन बाटल्यांचे टू-के क्लिअर फार सुरेख चमकते, पण त्यात आयसोसायनेट असते आणि त्याने दम्याचा कायमचा त्रास लागू शकतो. घरात ते नकोच.

ज्यांच्याकडे एअरब्रश नाही त्यांनी नेलपॉलिश बारीक भागांपुरती ठेवावी, तिथे ब्रश चालतो. हेडलाइटच्या वाटीत चांदी, मागच्या दिव्याला चांदीवर पारदर्शक लाल, इंडिकेटरला नारिंगी. काचेच्या पारदर्शक भागावर मात्र थेट लावू नये, त्यावर बारीक तडे जातात. आतल्या चांदीवर लावावी. पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांच्या बंपरसाठी क्रोम नेलपॉलिश चकचकीत काळ्यावर पातळ लावली तर बरीच जवळ जाते. तिच्यावर क्लिअर मारले की ती करडी पडते, म्हणून मारू नये.

शेवटी सुरक्षितता, जिच्याबद्दल त्या सल्ल्यात एक अक्षर नसते. अॅसिटोनची वाफ उणे २० अंशांनाही पेट घेते, इथाइल अॅसिटेटची उणे ४ला. देवघरातली समई, गॅस, पेटती उदबत्ती असलेल्या घरात फवारणी नको, आणि वाफ साध्या एक्झॉस्ट पंख्याच्या मोटरवरूनही जाऊ देऊ नये. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, ऑरगॅनिक व्हेपरचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. फवारणी मोठ्यांनी करावी, मुलांनी घासणे, टेप लावणे, जोडणे करावे. ताजी रंगवलेली मोटार बल्बच्या पेटीत वाळवायची असेल तर आधी तासभर उघड्यावर ठेवून वाफ जाऊ द्यावी, आणि पेटीचे तापमान ४५ अंशांच्या वर नेऊ नये. उरलेले थिनर मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. पत्र्याच्या डब्यात साठवून त्यानेच पुढच्या वेळची पहिली धुणी करावी, आणि तळाचा गाळ उघड्यावर वाळवून कागदात गुंडाळून टाकावा.

जागेअभावी पत्र छोटे करावे लागले, तर पोटरंगाचा आणि दिव्यांचा मजकूर कापावा. दमटपणाचा, मास्कचा आणि आगीचा भाग कृपया तसाच ठेवावा.

आपले नम्र,
प्रतिकृती मोटारी करणारे काही वाचक, रत्नागिरी