तापलेल्या ट्रेलरच्या टायरमधली हवा सोडू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅलिफोर्नियातल्या सहलीचा लेख वाचला. भाड्याचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, गाडीला जोडून डेथ व्हॅलीचं वाळवंट पाहून आलेल्या कुटुंबाचं वर्णन सुरेख आहे. पण 'दुपारी टायरमधली हवा फार वाढलेली दिसली, फुटू नयेत म्हणून थोडी सोडून दिली' हे त्यातलं वाक्य वाचून राहवलं नाही. मे-जूनमध्ये इथे अमेरिकेत मुलांकडे येणारे कितीतरी आईवडील आणि त्यांना फिरवणारी मुलं हे वाचतील आणि तसंच करतील. कृपा करून करू नका. टायर फुटायची वेळ येते ती बहुतेकदा हवा कमी पडल्यामुळे.

मी फ्रेस्नोला राहते. आमचा बावीस फुटी ट्रेलर आहे, दोन आस (अ‍ॅक्सल) आणि चार चाकांचा. त्याच्या टायरांचं सगळं मीच बघते. वडिलांचं मिरजेत टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. उसाच्या ट्रॉल्यांचे फुटलेले टायर तिथे यायचे. हवा कमी असताना पळवलेल्या टायरच्या आत हात घातला की रबराचा काळा भुगा हाताला लागतो. वडील तो आम्हाला दाखवायचे आणि म्हणायचे, हा आतून भाजलाय, याला आता काही करता येणार नाही.

आमच्या ट्रेलरचे टायर २०५/७५ आर १४ मापाचे, खास ट्रेलरसाठीचे. आकड्याच्या आधी 'एसटी' ही अक्षरं असतात. भार पेलण्याची श्रेणी, म्हणजे लोड रेंज, सी. म्हणजे हवा ५० पौंड (दर चौरस इंचाला, म्हणजे पीएसआय), तीही टायर थंड असताना. एवढ्या हवेवर एक टायर सुमारे ७९८ किलो पेलतो. हवा ४० पौंडांवर आणली तर तोच टायर ६९४ किलोच पेलतो. टायर कंपन्यांच्या भार-हवेच्या तक्त्यात हे आकडे कुणालाही पाहता येतात. आता आमचा भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर चढवला की आसांवर साधारण २,९०० किलो येतात, म्हणजे चाकामागे ७२५. स्वयंपाकघर आणि फ्रिज ज्या अंगाला आहेत तिकडच्या चाकांवर त्याहून जास्त. पन्नासला काम भागतं, चाळीसला टायर भाराखाली दबतो.

आता लेखातल्याच रस्त्याने जाऊ. सकाळी बिशप या गावी दहा अंश तापमान, हवा बरोबर ५०. लोन पाईनवरून १९० नंबरच्या रस्त्याने टाउन पासचा घाट चढून उतरलं की डेथ व्हॅलीतलं स्टोव्हपाइप वेल्स, जवळजवळ समुद्रसपाटीला. बाहेर पंचेचाळीस अंश, टायर त्याहून गरम. काटा ५८-६० दाखवणारच. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा थंड टायरचा असतो आणि पळताना होणारी ही वाढ धरूनच तो टायर बनवलेला असतो. त्या वेळी हवा सोडून काटा ५० वर आणला, तर परत बिशपला जाऊन टायर थंड झाले की तो ४२-४३ दाखवेल. म्हणजे ट्रेलर तेवढाच जड, आणि टायरची ताकद भारापेक्षा कमी. अशा टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने तापते आणि तापून तिचे थर सुटतात. उन्हाची एक बाजू सावलीच्या बाजूपेक्षा दोन-चार पौंड जास्त दाखवते, त्यानेही लोक घाबरतात. घाबरू नये. पण एकच टायर बाकीच्या तिघांपेक्षा फार गरम लागला, तर थांबून पाहावं.

हवा किती भरायची, याचं उत्तर ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढे लावलेल्या पाटीवर असतं. गाडीच्या दारातला आकडा फक्त गाडीचा. गाडीत ३५ म्हणून ट्रेलरमध्येही ३५ भरणारे लोक मी पाहिलेत. ट्रकवाले दांडक्याने टायर ठोकून बघतात, तसं ठोकून चाळीस आणि पन्नास यातला फरक कळत नाही. दीडशे रुपयांचं असो की वीस डॉलरचं, मीटर स्वतःचं हवं आणि हवा सकाळी निघण्याआधी पाहायला हवी. पंपापर्यंत पोचेस्तोवर टायर तापलेले असतात.

वजन मात्र अंदाजाने धरू नका. इथल्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केल नावाचे काटे असतात, थोड्या डॉलरांत आसांचं वेगवेगळं वजन छापून मिळतं. आईवडील आले की कुकर, डाळ-तांदूळ, खुर्च्या, औषधांच्या पिशव्या असं सामान वाढतं. पाण्याची टाकी काठोकाठ भरली तर आमच्या ट्रेलरमध्ये तीच दीडशे किलो होते. शिवाय ट्रेलर ओढताना कॅलिफोर्नियात वेगाची मर्यादा ताशी ५५ मैल आहे. ती पाळावी.

भाड्याचा ट्रेलर घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. २००० साली फायरस्टोन या टायर कंपनीने, थर सुटत असल्यामुळे, ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेच फोर्ड एक्सप्लोररवर होते आणि त्या गाडीला फोर्डने सांगितलेली हवा होती फक्त २६ पौंड. त्या प्रकरणानंतर इथे कायदा झाला आणि २००७ पासून नव्या मोटारींत हवा कमी झाल्याची सूचना देणारं यंत्र सक्तीचं झालं. ट्रेलरला ती सक्ती नाही. चार चाकांच्या ट्रेलरचा एक टायर गेला तर पुढे बसलेल्याला कळतही नाही, मागची गाडी दिवे दाखवते तेव्हा कळतं. टायरच्या हवा भरायच्या तोंडावर बसवायचे सेन्सर बाजारात मिळतात, ते भाड्याने देणाऱ्याकडे आवर्जून मागा. टायरवरच्या 'डीओटी' क्रमांकाचे शेवटचे चार अंकही बघा. टायर कधी बनला ते त्यावरून कळतं. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

महाराष्ट्रातही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन, म्हणजे अशाच चाकांवरच्या घरांतून करायच्या, पर्यटनाचं धोरण आलं आहे, आणि 'उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी' हा सल्ला तर आपल्याकडे पंक्चरच्या दुकानात, एसटी स्टँडवर, पाहुण्यांत सगळीकडे मिळतो. नागपूरच्या मेमधल्या उन्हातही तो तितकाच चुकीचा आहे. म्हणून आपणास विनंती, की लेखातल्या त्या वाक्याची दुरुस्ती सुट्ट्या सुरू होण्याआधी ठळकपणे छापावी, आणि महाराष्ट्रात ट्रेलर भाड्याने देणाऱ्यांनी प्रत्येक वाहनावर थंड टायरच्या हवेचा आकडा मराठीत लिहावा, असा आग्रह आपल्या वृत्तपत्राने धरावा.

आपली नियमित वाचक,
फ्रेस्नो, कॅलिफोर्निया