मंत्रीसाहेब, मेकॉले बास झाला, आता जरा जोतीरावांचं निवेदन काढा

मा. केंद्रीय शिक्षणमंत्री यांस,
सा. न.

भारतात इंग्रजी शिक्षण आणणारा ब्रिटिश अधिकारी म्हणून अधूनमधून कुणीतरी स्टेजवरून मेकॉलेला झोडपतं, टाळ्या पडतात, क्लिप फिरते. झोडपा हो, १८३५ चं त्याचं शिक्षणावरचं टिपण होतंच उर्मट. पण त्याचं इंग्रजी तेवढं आपल्याला दिसतं, आणि वरच्या मूठभरांना शिकवा म्हणजे ज्ञान आपोआप खाली झिरपेल हा जो हिशोब होता तो आजही निवांत चालूय, त्यावर कुणी बोलत नाही. खुद्द इंग्रजांनी १८५४ च्या वुडच्या खलित्यात (भारतातल्या शिक्षणाबद्दलचं सरकारी धोरणपत्र) हे झिरपणं कागदावर तरी सोडून दिलं होतं!

१८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर कमिशनला लिहून दिलं की सारा भरतो शेतकरी आणि पैसा जातो वरच्यांच्या उच्च शिक्षणावर, निदान १२ वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. पुढे १९११ ला गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं बिल आणलं, ते सरकारने पाडलं. तिकडे शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापुरात करून दाखवलं, म्हणजे एका संस्थानाला जमलं ते साम्राज्याला नाही. बरं, मग आपलं राज्य आलं, घटनेच्या कलम ४५ मध्ये १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत, सक्तीचं शिक्षण द्यायला १० वर्षांची मुदत घातली, आणि शिक्षण हक्क कायदा लागू झाला कधी, तर १ एप्रिल २०१०. ही मधली ५० वर्षं मेकॉलेच्या खात्यात कशी टाकणार?

कोठारी शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करायला सांगितलं, १९६८ च्या शिक्षण धोरणात ते आलं, २०२० च्या धोरणात पुन्हा तोच आकडा, गाठला एकदाही नाही.

भारतीय ज्ञानपरंपरा शिकवा, मातृभाषेतून शिकवा, माझा फुल सपोर्ट आहे. फक्त कलम ३४८ नुसार सुप्रीम कोर्टाचं कामकाज अजून इंग्रजीतच चालतं, चांगल्या पगाराच्या नोकऱ्याही इंग्रजीवरच मिळतात, अशात आईबाप पोराला इंग्लिश मीडियमला टाकतात तर त्यांना गुलाम मानसिकतेचे म्हणू नका, त्यांना व्यवहार कळतो. आणि ज्यांची पोरं त्याच शाळांत जातात त्यांनी तर अजिबातच म्हणू नये.

तर मागणी एवढीच. पुढच्या बजेटच्या वेळी संसदेत दोन आकडे सांगा, केंद्राच्या शिक्षणखर्चातले किती रुपये पहिली ते आठवीच्या वर्गांपर्यंत पोचतात आणि ६ टक्के कुठल्या साली होणार. साल नक्की सांगा, "लवकरच" नको.

आपला,
एक करदाता पालक